बोलताना जीभ का घसरते?

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथे, घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू बोलणारी माणसे पुष्कळ. अशा घरातील मूल वर्गात मराठी बोलताना 'पण' म्हणावयाच्या जागी 'आदरे' हा कन्नड शब्द बोलून जाते. वर्ग हसतो, क्वचित गुरुजीही रागावतात. मूल ओशाळते व पुढे बोलावयाचेच टाळते. वास्तविक त्याला 'पण' हा शब्द येत नसतो असे मुळीच नाही.

बोलणे हे जिभेचे काम, अशी सर्वसाधारण समजूत असते. १८६१ मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे समजे. मात्र तोंडातून 'तान' एवढाच ध्वनी निघे. त्याच्या मृत्यूनंतर पाहता मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढील भागात, इजा आढळली. जीभ शाबूत, वाचा मात्र गेलेली! बोलण्याचे कार्य मेंदूच्या अनेक भागांच्या जाळ्यातून चालते, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे.

प्रथम आशय ठरतो, मग शब्द निवडले जातात, त्यांचे ध्वनी जुळविले जातात आणि अखेर ओठ, जीभ व स्वरयंत्र यांस आज्ञा सुटते. सेकंदास दोन-तीन शब्द या वेगाने हे चालते. एक शब्द उच्चारला जात असतानाच पुढचा सज्ज होऊन उभा असतो; म्हणूनच 'चहापाणी'चे 'पहाचाणी' होते. त्यातही पाहा, आरंभीचे व्यंजन आरंभीच्याच व्यंजनाशी जागा बदलते. चूकसुद्धा नियम पाळून होते. फ्रॉइड यांनी अशा चुकांत मनातील दडलेल्या इच्छा शोधल्या खऱ्या, परंतु बहुतेक चुकांना इतक्या खोल कारणाची गरज नसते.

दोन भाषा जाणणाऱ्याच्या मेंदूत एक भाषा चालू असताना दुसरी निजलेली नसते. तिला आवरून धरावे लागते. 'पण', 'आणि' यांसारखे लहान, नित्याचे शब्द या पहाऱ्यातून सहज निसटतात. घाई झाली, की असे निसटणे वाढते. मेंदू आपलेच बोलणे ऐकतही असतो. 'आदरे' म्हणून गेलेले मूल पुष्कळदा पुढच्याच श्वासात 'पण' म्हणते. तोवर वर्ग हसून मोकळा झालेला असतो.