बटरफ्लाय मिल्कवीड

अमेरिकेच्या गवताळ प्रेअरीत जून-जुलैत भडक केशरी फुलांचे झुबके दिसतात, ते बटरफ्लाय मिल्कवीडचे. शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपियास ट्यूबरोसा. हे झाड आपल्या रुईच्या कुळातले. मात्र पान तोडले की रुईसारखा पांढरा चीक निघत नाही.

बी थंडी खाल्ल्याशिवाय नीट रुजत नाही. म्हणून ते शरद ऋतूत थेट जमिनीत पेरतात, किंवा ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात. जागा भरपूर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. पाणी साचले की मूळ कुजते. सोटमूळ खोल जात असल्याने एकदा लावलेले झाड हलवू नये. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. वसंतात कोंब उशिरा येतो, आणि ‘मेले’ समजून बरेचजण ते उकरून टाकतात! जागेवर खूण ठेवलेली बरी.

फुलाची रचना मजेशीर आहे. परागकण सुटे नसून मेणचट पुडीत असतात. मध प्यायला आलेल्या मधमाशीचा पाय फुलातल्या फटीत घसरतो आणि पुड्यांची जोडी घेऊनच बाहेर येतो. एखादी लहान माशी तिथेच अडकून मरतेही.

मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडचीच पाने खातात, जसे आपल्याकडचे बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर वाढते. त्यामुळे झाडावर कीटकनाशक मारू नये. पिवळा मावा पडल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा, पण त्याआधी पानामागे मोनार्कची अंडी नाहीत ना, हे पाहावे.