चौघांचं एक पाऊल

पाच जण विरुद्ध दहा जण. एका बाजूला गोलरक्षक जोव्हानी गाल्ली आणि त्याच्यापुढे चार बचावपटू : तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी. दुसऱ्या बाजूला रुड गुलिट, मार्को व्हॅन बास्टन, फ्रँक रायकार्ड, आंचेलोत्ती, दोनादोनी यांच्यासह एसी मिलानचे दहा खेळाडू. १५ मिनिटांत या दहा जणांनी गोल करून दाखवायचा. अट एवढीच, की चेंडू गमावला तर पुन्हा आपल्या अर्ध्या मैदानात, मध्यरेषेच्या दहा मीटर मागे जाऊन सुरुवात करायची. इतकी आखणी आणि इतकी शिस्त हवी कशाला, असं गुलिट आणि व्हॅन बास्टन विचारत. प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी त्यांना हे असं उत्तर दिलं. हा प्रयोग आपण पुन्हा पुन्हा केला आणि दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही, असं साक्कींनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

१९८७ पासून पुढची सात-आठ वर्षं मिलानची ही बचावफळी युरोपातली सर्वांत अवघड फळी होती. तिच्यात काय होतं आणि ती कुठे उणी पडली, हे दोन प्रश्न मला वेगळे काढता येत नाहीत. तिचं बळ जिथून आलं, तिथूनच तिचे दोषही आले.

इटलीला बचाव कुणी शिकवावा अशी परिस्थिती मुळीच नव्हती. हेलेनिओ हेरेरा यांच्या इंटर मिलाननं १९६४ आणि १९६५ साली युरोपियन कप जिंकला तो ‘कातेनाच्चो’ पद्धतीवर. या पद्धतीत प्रत्येक आक्रमकामागे एकेक माणूस सावलीसारखा लावायचा आणि या सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू, ‘लिबेरो’, ठेवायचा. कुणी निसटलाच तर त्याला लिबेरोनं अडवायचं. १९८२ च्या विश्वचषकात क्लाउडिओ जेंटिलेनं मॅराडोना आणि झिको यांना कसं जखडून ठेवलं, ते जगानं पाहिलं होतं. माणूस धरायचा, चेंडूचं पुढे बघू, हा तिथला संस्कार. साक्कींनी या संस्कारालाच हात घातला.

साक्की स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नव्हते. वडिलांच्या चपला-बुटांच्या व्यवसायात काम करणारा फुसिन्यानो गावचा हा माणूस खालच्या श्रेणीतल्या पार्माचा प्रशिक्षक होता आणि त्या पार्मानं इटालियन चषक स्पर्धेत मिलानला हरवलं होतं. मिलानचे नवे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी १९८७ साली त्यांनाच उचलून आणलं. साक्कींनी लिबेरो काढून टाकला. चारही बचावपटू एका रेषेत उभे केले आणि ती रेषा मध्यरेषेकडे बरीच वर सरकवली. सर्वांत मागच्या बचावपटूपासून सर्वांत पुढच्या आघाडीपटूपर्यंतचं अंतर २५ मीटरच्या आसपास राहिलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. दहा माणसं एवढ्या पट्ट्यात कोंबली की प्रतिस्पर्ध्याला चेंडू थांबवायला, मान वर करून बघायला उसंतच मिळत नाही.

कबड्डीत साखळी धरून उभ्या असलेल्या गड्यांपैकी एकानं जरी घाईनं पाऊल टाकलं, तरी चढाई करणारा त्याच फटीतून निसटतो. मिलानची फळी नेमकी या नियमानं चाले. चेंडू उजवीकडे गेला की चौघंही उजवीकडे सरकत. प्रतिस्पर्ध्यानं चेंडू मागे दिला की चौघंही एकदम पुढे येत आणि बेसावध आघाडीपटू ऑफसाइड सापडे. आपली जागा ठरवताना चार गोष्टी पाहायच्या, असं साक्की शिकवत : चेंडू, मोकळी जागा, प्रतिस्पर्धी आणि आपला सहकारी. मिलानेल्लोच्या सराव मैदानावर चेंडूशिवाय सराव चाले. चेंडू आता इथे आहे, आता तिथे आहे, असं साक्की ओरडून सांगत आणि अकरा खेळाडू त्या नसलेल्या चेंडूप्रमाणे जागा बदलत. नामवंत खेळाडूंना हे कंटाळवाणं वाटलं असेल तर नवल नाही. पण ज्या हालचाली विचार करून उशिरा होतात, त्या अंगवळणी पडाव्यात म्हणून हा सगळा खटाटोप होता.

१९८७ च्या शरद ऋतूत पाओलो माल्दिनी १९ वर्षांचा होता आणि अलेसान्द्रो कोस्ताकुर्ता २१ वर्षांचा. माउरो तासोत्ती आणि फ्रँको बारेसी २७ चे. माल्दिनी मूळचा उजव्या पायाचा, पण खेळायचा डाव्या बगलेवर. तासोत्ती उजवीकडून पुढेही जाई. या चौघांचा प्राण मात्र बारेसी. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. लहानपणी इंटरनं त्याच्या भावाला, जुझेप्पेला घेतलं आणि फ्रँकोला नाकारलं. मिलान दोनदा खालच्या श्रेणीत गेलं, एकदा १९८० मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात आणि पुन्हा १९८२ मध्ये खराब खेळामुळे, तरी त्यानं क्लब सोडला नाही. साक्की आले तेव्हा तो इटलीतला नामांकित लिबेरो होता. अशा खेळाडूला साक्कींनी पार्माच्या जानलुका सिन्योरिनीच्या खेळाच्या चित्रफिती दाखवून नवी पद्धत शिकायला लावली. बारेसी शिकला, इतकंच नव्हे तर तिचा सर्वोत्तम जाणकार झाला. चेंडू मारणाऱ्याचा पाय मागे जातो त्या क्षणी पुढे पळायचं की मागे, हा निर्णय तो घेई आणि बाकीचे तिघं त्याच्याबरोबर हलत. ऑफसाइडसाठी वर गेलेला त्याचा हात ही त्या काळाची ओळख बनली. टॅकलही तो जबरदस्त करी, पण त्याची खरी थोरवी टॅकल करायची वेळच न येऊ देण्यात होती, असं मला वाटतं.

फळ लगेच आलं. १९८७-८८ च्या हंगामात ३० सामन्यांत मिलाननं फक्त १४ गोल स्वीकारले आणि मॅराडोनाच्या नापोलीला मागे टाकून इटालियन लीगचं विजेतेपद मिळवलं. १९८९ च्या युरोपियन कप उपान्त्य फेरीत रेआल माद्रिदला घरच्या मैदानावर ५-० आणि अंतिम सामन्यात बार्सिलोनात स्टेआवा बुखारेस्टला ४-० हरवलं. पुढच्या वर्षी बेन्फिकाला १-० नमवून तो कप राखला.

आता उणिवा. पहिली अशी, की ही फळी चौघांच्या जिवावर उभीच नव्हती. रेषा एवढी वर असली की मागे गोलरक्षकापर्यंत मोठं मैदान उघडं पडतं. चेंडू असलेल्या माणसावर पुढच्या फळीनं सतत दडपण आणलं, तरच ही जोखीम परवडते. गुलिट आणि व्हॅन बास्टन धावले नाहीत, किंवा आंचेलोत्ती आणि रायकार्ड एक पाऊल उशिरा पोहोचले, तर पास देणाऱ्याला नेम धरायला वेळ मिळे आणि मागून उशिरा धावत येणारा खेळाडू रेषेच्या पाठी पोहोचे. म्हणजे आघाडीच्या माणसाचा आळस बचावाच्या माथी मारला जाई. खेळाडूंच्या शरीराचा आणि मनाचा इतका कस वर्षानुवर्षं लावणं कठीण होतं. साक्कींची चार वर्षं संपता संपता दोन्ही बाजू थकल्या होत्या.

दुसरी उणीव नियमांची. त्या काळी ऑफसाइडचा सापळा पंचाच्या आणि लाइनमनच्या नजरेवर चाले. १९९० पर्यंत आघाडीपटू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असला तरी ऑफसाइड धरला जाई, त्यानंतर तो वैध ठरू लागला. बारेसीच्या हिशेबातून अर्धं पाऊल कमी झालं. १९९२ मध्ये सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू हातात धरायला गोलरक्षकाला बंदी आली. मागे वळून पळणाऱ्या बचावपटूची सुटकेची हुकमी वाट बंद झाली.

साक्कींच्या जागी आलेल्या फाबियो कापेल्लो यांचं मोठेपण इथे दिसतं. १९९१ मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर त्यांनी माणसं ठेवली, रेषा ठेवली, फक्त तिचा हट्ट सोडला. फळी गरजेप्रमाणे मागे येऊ लागली. दडपणाची वेळ निवडून घेतली जाऊ लागली. १९९१-९२ चा हंगाम मिलाननं ३४ पैकी एकही सामना न हरता जिंकला. सलग ५८ लीग सामने अपराजित राहिलेला हा संघ अखेर मार्च १९९३ मध्ये हरला तो पार्माच्या फाउस्तिनो अस्प्रियाच्या फ्री किकवर. दोन महिन्यांनी म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे पूर्वीच्या युरोपियन कपच्या, अंतिम सामन्यात मार्सेयच्या बाझील बोलीनं कॉर्नरवर हेडर मारून एकमेव गोल केला. दोन्ही गोल थांबलेल्या चेंडूवरचे. खेळ चालू असताना जी रेषा अभेद्य, ती कॉर्नरला रेषाच उरत नाही. तिथे प्रत्येकाला आपापला माणूस उडी मारून रोखावा लागतो. नव्या पद्धतीनं मागे सारलेलं जुनं कसब तिथे पुन्हा लागतं.

१९९३-९४ हा या बचावाचा कळस. मिलाननं ३४ सामन्यांत जेमतेम ३६ गोल केले, पण स्वीकारले फक्त १५, आणि तेवढ्यावर विजेतेपद जिंकलं. गोलरक्षक सेबास्तियानो रॉसी सलग ९२९ मिनिटं अभेद्य राहिला. इटालियन लीगमधला हा विक्रम जानलुइजी बुफोननं मोडायला २०१६ साल उजाडलं. मोसमाच्या मध्यात आलेल्या मार्सेल देसाईला कापेल्लोंनी फळीच्या पुढे उभं केलं, त्यामुळे मधून घुसायची वाटही आखडली. हे फुटबॉल रुक्ष होतं अशी तक्रार तेव्हा होत असे आणि ती पूर्णपणे चुकीची म्हणता येणार नाही.

मग मे महिन्यात अथेन्सला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आला. समोर योहान क्रायफ यांचं बार्सिलोना, आघाडीला रोमारिओ आणि स्तोइचकोव्ह. इकडे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही बंदीमुळे बाहेर. माल्दिनी मध्यभागी सरकला, त्याच्या जोडीला फिलिप्पो गाल्ली, डावीकडे तरुण पानुच्ची. मिलान ४-० जिंकलं. नेमकी मधली दोन माणसं काढून घेतल्यावरही फळी हलली नाही, हा मला या बचावाचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. ज्ञान बारेसीपाशी साठलेलं नव्हतं, ते संघात मुरलेलं होतं.

वयापुढे मात्र ते ज्ञानही चाललं नाही. १९९५ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात व्हिएन्नात आयाक्सच्या १८ वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टनं शेवटच्या मिनिटांत गोल केला. त्याला पास देणारा होता रायकार्ड, याच मिलानचा माजी खेळाडू. १९९६ च्या डिसेंबरात साक्की परत आले. बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता अजून संघात होते. तरी एप्रिल १९९७ मध्ये युव्हेंटसनं मिलानला त्यांच्याच सान सिरोवर ६-१ असं धुतलं आणि हंगाम अकराव्या स्थानावर संपला. शिकवण तीच होती, शिकवणाराही तोच. पुढून दडपण आणणारी ती मधली आणि आघाडीची फळी नव्हती आणि जुने पाय मंदावले होते. त्याच वर्षी बारेसी निवृत्त झाला आणि क्लबनं त्याचा ६ क्रमांक कायमचा बाजूला ठेवला.

माल्दिनी आणि कोस्ताकुर्ता खेळत राहिले. २००३ मध्ये मँचेस्टरला त्याच युव्हेंटसविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा मिलानचे प्रशिक्षक होते आंचेलोत्ती, साक्कींच्या त्या प्रयोगात दहांच्या बाजूनं खेळलेले. कोस्ताकुर्ता ३७ वर्षांचा, माल्दिनी कर्णधार, त्यांच्या जोडीला अलेसान्द्रो नेस्ता आणि काखा कालाद्झे. १२० मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टीवर मिलान ३-२ जिंकलं. माल्दिनीच्या वडिलांनी, चेझारे यांनी, बरोबर ४० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येच कर्णधार म्हणून हा कप उचलला होता, तोही नेरेओ रोक्को यांच्या कातेनाच्चो पद्धतीनं खेळणाऱ्या मिलानकडून.