छोटं बाथरूम: जागा नेमकी कुठे जाते?

गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा किंवा डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींमध्ये चार बाय सात फुटांचं बाथरूम काही नवलाचं नाही. 28 चौरस फुटांत आंघोळ, कमोड, बादल्या, गिझर आणि कधीकधी वॉशिंग मशीनही. नूतनीकरणाचं ठरलं की घरातली मंडळी आधी टाइल्सच्या दुकानात जातात. क्रम तिथेच चुकतो. रंग, चकाकी आणि आरसा यांनी जागा मोठी भासते, वाढत नाही. दार कुठे उघडतं, कमोडचा पाइप कुठे आहे आणि पाणी कुठल्या दिशेने वाहतं, यावर खरी जागा ठरते. लादी बसल्यावर या तीन गोष्टींना हात लावायचा तर पुन्हा फोडाफोड करावी लागते. म्हणून त्यांच्याबद्दलचे गैरसमज काम सुरू होण्याआधीच दूर व्हायला हवेत.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज दाराचा आहे: ते आतल्या बाजूलाच उघडायला हवं. एक साधी गोष्ट करून बघा. बिजागरीखाली सुतळीचं एक टोक दाबून धरा, दाराच्या रुंदीइतक्या अंतरावर खडू बांधा आणि फरशीवर दाराची कमान काढा. अडीच फुटांचं दार जवळपास 5 चौरस फूट जागा व्यापतं. 28 मधले 5, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून थोडं जास्तच. त्या कमानीत बादली ठेवता येत नाही, बेसिन बसत नाही, की कपड्यांची टोपली राहत नाही. दार बाहेर उघडलं की हीच जागा एकही भिंत न पाडता मोकळी होते.

बाहेर उघडणाऱ्या दारावरून पाणी पॅसेजमध्ये गळेल, ही शंका रास्त आहे. पण दाराच्या आतल्या बाजूला, तळाशी, पाणी झटकणारी पट्टी लावली आणि उंबरठ्याला आतल्या बाजूने उतार दिला, की तो प्रश्न मिटतो. पॅसेज अगदीच अरुंद असेल तर सरकतं दार बघावं, मात्र त्यासाठी बाजूची भिंत मोकळी हवी आणि तिथे स्विचबोर्ड नको. दार बाहेर उघडण्याला जागेपेक्षाही मोठं कारण आहे. आजी-आजोबा आत घसरून पडले तर आत उघडणारं दार त्यांच्या शरीराला अडतं आणि मदतीला धावलेल्यांना ते ढकलताही येत नाही. ज्या घरात ज्येष्ठ माणसं आहेत, त्या घराने बाकी काही बदललं नाही तरी दाराची दिशा बदलावी, असं मी आग्रहाने सांगेन. कडीही बाहेरून उघडता येईल अशीच घ्यावी.

दुसरा समज जुन्या फ्लॅटमध्ये हमखास भेटतो: संडास आणि बाथरूममधली भिंत काढली की भरपूर जागा मिळेल. राष्ट्रीय इमारत संहितेतले किमान आकडे पाहिले तर हिशेब वेगळाच निघतो. स्वतंत्र बाथरूमला किमान 1.8 चौरस मीटर, स्वतंत्र संडासाला 1.1, आणि दोन्ही एकत्र असतील तर 2.8. म्हणजे 2.9 च्या जागी 2.8. फरक जेमतेम एका चौरस फुटाचा. साडेचार इंची भिंत गेल्याने थोडी जागा हाती लागते आणि हातपाय हलवायला मोकळीक वाटते, हे खरं. पण सकाळी सात वाजता शाळा, ऑफिस आणि लोकल गाठायची घाई असलेल्या पाच माणसांच्या घरात त्या भिंतीमुळे एकाच वेळी दोघांची सोय होत असते. घरात दुसरा संडास नसेल तर ती भिंत राहू द्यावी. त्याऐवजी बेसिन बाहेर पॅसेजमध्ये काढावं, आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते आधीपासून तिथेच असतं. आणि भिंत काढायचीच असेल तर जुन्या इमारतीत ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून सांगायचं असतं. मिस्त्रीच्या अंदाजावर ते सोडू नये.

भिंतीवर टांगलेल्या कमोडने जागा वाचते, असं शोरूममध्ये सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. टांगलेलं भांडं भिंतीपासून साधारण 20 ते 22 इंच पुढे येतं. पण त्याची टाकी आणि लोखंडी चौकट लपवायला मागे 6 ते 8 इंचांचा ओटा बांधावा लागतो. बेरीज केली तर ती टाकी जोडलेल्या साध्या कमोडच्या 26-28 इंचांच्या आसपासच जाते. खरा फायदा वेगळा आहे. खालची फरशी मोकळी राहते, झाडू-पोछा सहज फिरतो आणि मागच्या ओट्यावर शाम्पू, साबण, ब्रश मावतात. या सोयीसाठी पैसे मोजायला हरकत नाही.

कमोडजवळची खरी जागा वाया जाते ती मात्र चुकीच्या मापामुळे. जमिनीत पाइप असलेल्या कमोडला भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. बाजारात 4, 9 आणि 12 इंचांची मापं सर्रास मिळतात. तुमचा पाइप 9 इंचांवर असताना 4 इंचांचा कमोड आणलात, तर त्याच्यामागे 5 इंचांची फट कायमची राहते, आणि तिथे फक्त धूळ आणि ओल साठते. उलट चूक झाली तर कमोड बसतच नाही. हे माप तयार भिंतीपासून घ्यायचं असतं, टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा थर धरून. जुनी टाइल निघाली आणि नवी जाड थराने बसली, की भिंतच पुढे सरकते. म्हणून दुकानात जाताना मोबाईलमधला फोटो पुरत नाही, कागदावर लिहिलेलं माप हवं.

मग कमोडच दुसऱ्या भिंतीला हलवला तर? चार इंची मलपाइपला साधारण 40 ला 1 असा उतार लागतो. दोन मीटर अंतरावर नेलात तर पाइपचं एक टोक 5 सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असेल तर हे त्यात मावतं. नसेल तर बाथरूमची सगळी फरशी उचलावी लागते आणि आत जायला पायरी तयार होते. लहान बाथरूममध्ये अशी पायरी म्हणजे अडखळण्याची कायमची जागा. पाइप जिथे आहे तिथेच ठेवून बाकीच्या वस्तू त्याभोवती मांडणं, हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो.

टाइल जितकी मोठी तितकं बाथरूम मोठं, हे भिंतीपुरतं दिसायला बरं आहे. सांधे कमी, साफसफाई कमी. पण जमिनीवर दोन बाय दोन फुटांची टाइल म्हणजे रोजचा त्रास. फरशीला नहाणी ट्रॅपकडे दर फुटाला निदान 3 मिलीमीटर उतार लागतो, आणि तोही चारही बाजूंनी. मोठी सपाट टाइल चार दिशांना वळत नाही. ती तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं. जमिनीवर एक बाय एक फुटाची, खरखरीत पृष्ठभागाची टाइल घ्यावी. नहाणीही मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, नळाच्या बाजूला घेतली तर उतार एकाच दिशेचा होतो आणि उरलेली फरशी लवकर सुकते. पाय ठेवायला कोरडी जागा असेल तरच ते बाथरूम वापरायला ऐसपैस वाटतं.

काचेच्या कप्प्याबद्दल थोडक्यात. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला तीन बाय तीन फूट पुरतात. पण आपल्या घरांत अजूनही बादली-तांब्याने, स्टुलावर बसून आंघोळ करणारे पुष्कळ आहेत, आणि लहान मुलांना तर बसवूनच न्हाऊ घालावं लागतं. बंद कप्प्यात कोपर काचेला लागतं. दीड-दोन फुटांची एकच स्थिर काच, किंवा साधा पडदा, कमोडकडे उडणारं पाणी पुरेसं अडवतो.

भिंतीत कोनाडा खोदणं म्हणजे फुकटची जागा, असंही मानतात. साडेचार इंची भिंतीत चार इंच खोदलं तर उरतं काय? पलीकडच्या खोलीत ओल येते. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती तर फोडायच्याच नसतात. नऊ इंची भिंत असेल तरच कोनाडा करावा. त्यापेक्षा वर बघा. दार सात फुटांवर संपतं आणि त्यावर दीड-दोन फूट रिकामे असतात. पाहुण्यांची बादली, फिनेलच्या बाटल्या, साबणाचा साठा तिथल्या फळीवर आरामात राहतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. काचेच्या पट्ट्यांची खिडकी बंद करून तिथे कपाट करायची कल्पना अनेकांना सुचते. बाथरूमची ओल बाहेर जायला दुसरी वाट नसते, आणि आत गॅस गिझर असेल तर ही कल्पना जीवघेणी आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळ करणाऱ्याला सावध व्हायला वेळही मिळत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्यात एक्झॉस्ट फॅनची सोय करावी.

राहिला जुन्या टाइलवर नवी चिकटवण्याचा प्रश्न. यात फोडकाम वाचतं, पण समोरासमोरच्या दोन भिंती मिळून रुंदी इंच-दीड इंचाने घटते, फरशी चढते आणि खालच्या घराच्या छतावर ओल असेल तर ती तशीच राहते. गळती असेल तर जुनी लादी काढून वॉटरप्रूफिंग नव्यानेच करावं लागतं, त्याला पर्याय नाही. ते झालं की नहाणीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून फरशीवर दोन इंच पाणी भरावं आणि किमान 24 तास तसंच ठेवावं. त्या काळात खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन छत पाहावं, हात लावून पाहावं. डाग दिसला तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्यावी, कारण नवी लादी त्यानंतरच बसायची असते.