तागाचा वाख सेंद्रिय, पण कुजविण्याच्या पाण्याचे काय?

सेंद्रिय धाग्याच्या कापडाविषयी बोलताना 'हेम्प' हे नाव हल्ली वारंवार कानावर येते. हेम्प म्हणजे भांगेचे झाड. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार शासनाच्या परवान्याशिवाय त्याची लागवड करणे गुन्हा आहे. उत्तराखंड शासनाने धाग्यासाठी असे परवाने २०१८ पासून दिले. आपला ताग किंवा बोरू मात्र अगदी निराळा. इंग्रजीत त्याला 'सन हेम्प' म्हणत असले तरी ते द्विदल पीक आहे व त्याला परवाना लागत नाही. त्याचा वाख भरड असतो. दोर, सुतळी, सतरंजी, जाड कापड व हातकागद यांसाठी तो उत्तम. अंगावरच्या मऊ कापडाची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

ताग सेंद्रिय पद्धतीने पिकविणे अवघड नाही. मुळांवरील गाठींमुळे नत्राची गरज बरीचशी भागते आणि दाट पेरणीत तण दबते. हिरवळीसाठी आपण ताग फुलोऱ्यात गाडतो. वाखासाठी मात्र तो शेंगा धरेपर्यंत, म्हणजे सुमारे ९० ते १०० दिवस उभा ठेवावा. पाणी साचणारी जमीन टाळावी. कापणीनंतर दोन-तीन दिवस पेंढ्या शेतातच ठेवाव्यात, म्हणजे पाला तेथेच झडून जमिनीला मिळतो.

खरी अडचण पुढे आहे. साल व लाकूड यांना चिकटविणारा डिंकासारखा पदार्थ पाण्यातील सूक्ष्म जीवाणू खातात, तेव्हा वाख सुटतो. हे काम करताना ते पाण्यातील प्राणवायू संपवितात. पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते, मासे तोंड वर काढून तडफडतात, गुरे त्या पाण्याला तोंड लावीत नाहीत. फवारणी न केलेला ताग गावच्या ओढ्यात कुजवून त्याला 'सेंद्रिय' म्हणणे आम्हाला तरी पटत नाही. खालच्या अंगाच्या शेजाऱ्यालाही ते पटणार नाही!

मुळात १०० किलो हिरव्या ताटांतून कोरडा वाख निघतो तो साधारण २ ते ४ किलो. उरलेला भार पाण्यात बुडविण्याचे कारण काय? म्हणून हिरवी असतानाच ताटांची साल सोलून तेवढीच कुजवावी. मजुरी वाढते हे खरे, पण पाणी व वेळ दोन्ही वाचतात आणि लहान खड्ड्यात काम भागते. खड्डा विहिरीपासून दूर, स्वतःच्या शेतात घ्यावा व पाणी झिरपू नये म्हणून तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा.

पूर्ण ताटेच भिजवायची असल्यास पेंढ्यांचे जाड बुडखे एक-दोन दिवस आधी पाण्यात उभे ठेवावेत, मग पेंढ्या आडव्या करून बुडवाव्यात. वर दगडांचे वजन द्यावे. चिखल किंवा केळीचे खुंट ठेवल्यास वाख काळा पडतो. उबदार पाण्यात चार ते सात दिवस पुरतात, थंडीत जास्त लागतात. तिसऱ्या दिवसापासून रोज एक ताट मधोमध तपासावे. साल सहज सरकली की लगेच काढावे. एखादा दिवस उशीर झाला तरी वाख कमजोर होतो, आणि घेणारा व्यापारी तो हाताने तोडूनच पाहतो. नंतर स्वच्छ पाण्यात धुऊन दांडीवर वाळवावा, जमिनीवर पसरू नये.

खड्ड्यातील पाणी ओढ्यात न सोडता कंपोस्टच्या खड्ड्यात थोडे थोडे मुरवावे. सणकाड्या जळणाला किंवा कुडाला उपयोगी पडतात.

प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकायचे झाल्यास राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतर काळ धरला जातो. तागाच्या वाखाला धान्यासारखा ठरलेला बाजार नाही. त्यामुळे दोरवाले, सतरंजी विणणारे किंवा हातकागदाचे कारखाने यांच्याशी आधी बोलून पाच-दहा गुंठ्यांवरच सुरुवात करावी. बियाण्यासाठी काही ओळी राखल्यास त्यांचे बी गुरांच्या खाण्यात येऊ देऊ नये. ते विषारी असते.