दार कुणी उघडं टाकलं?

हॅमस्टर पळाला की घरात आधी चौकशी होते ती दार कुणी उघडं टाकलं याची. शोध त्यानंतर. गेल्या दिवाळीत माझ्याकडे ही चौकशी झालीच नाही, कारण घरात मी एकटाच होतो. बहीण, मेहुणे आणि भाची दिवाळीला कोल्हापूरला गेले होते आणि भाचीचा हॅमस्टर भाऊबीजेपर्यंत माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला होता. रंगावरून त्याचं नाव खारीक. भाचीने सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला होता, शिवाय तोंडी बजावलं होतं, "मामा, दाणे टाक, पाणी बदल. पण त्याला उचलू नकोस हं. तो अजून घाबरतो."

धनत्रयोदशीच्या दुपारी मी त्याला उचलायला गेलो.

तो झोपला होता, मी त्याला उठवलं. हात वरून घातला. त्याच हाताने नुकताच चिवडा खाल्ला होता. तो चावला तेव्हा मी हात झटकला. एवढ्या चुका एका मिनिटात करायलाही काहीतरी अंगी असावं लागतं. खारीक भुशावर पडला म्हणून वाचला. माझ्या तर्जनीवर दोन लाल टिंबं उमटली आणि बोट नळाखाली धरायच्या घाईत पिंजऱ्याची कडी लावायची राहिली. रात्री दहाला पाहतो तर भुशात एक खळगा आणि खळगा रिकामा.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की पाळीव हॅमस्टरांचा इतिहासच पळापळीने सुरू होतो. आपल्याकडे सर्रास दिसणारा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर शास्त्राला माहीत झाला तो १८३९ साली. जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. पुढची नव्वदेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग निमित्त झालं ते काळा आजाराचं. बंगाल-बिहार-आसामात गावंच्या गावं पोखरणारा हा रोग ज्या परजीवीमुळे होतो, त्याला लीशमन आणि मद्रासमध्ये काम करणारे डोनोवन या दोन डॉक्टरांची नावं आहेत. त्याच कुळातल्या परजीवींवर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर संशोधन करत होते. त्यासाठी ते चिनी हॅमस्टर वापरायचे, पण ते प्रयोगशाळेत प्रजननच करेनात. अ‍ॅडलरनी इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाला विनंती केली, की जवळपासचा एखादा हॅमस्टर शोधून द्या.

१२ एप्रिल १९३० रोजी अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात खूप खणल्यावर अहरोनींच्या माणसांना एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. माणसांच्या हाताळणीने मादी इतकी बिथरली, की तिने आपल्याच एका पिल्लाचं डोकं फोडलं. उरलेली पिल्लं जेरुसलेमला पोचली आणि त्यांतल्या पाचांनी लाकडी पिंजऱ्याचा तळ कुरतडून पोबारा केला. ती परत सापडलीच नाहीत. मागे राहिलेल्या तीन-चार भावंडांपासून वंश वाढला. १९३१ साली अ‍ॅडलर त्यातले काही कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला घेऊन गेले. आज जगभर पिंजऱ्यांत चाक फिरवणारे जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळाचे वारस आहेत. इकडे त्यांचे सीरिया-तुर्कस्तानच्या शेतांतले भाऊबंद मात्र संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले आहेत. शेतकऱ्याच्या लेखी ते पिकावरचे उंदीरच.

म्हणजे कुत्र्याने माणसाबरोबर हजारो वर्षं काढली, तर हॅमस्टरने शंभरही नाहीत. त्याच्याकडून 'माया' मागणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा.

नैसर्गिक अवस्थेत हा प्राणी एकटा राहतो. जर्मन संशोधक गॅटरमान यांच्या चमूने सीरियात आणि तुर्कस्तानात जाऊन बिळं उकरली, तेव्हा एकाही बिळात दोन प्रौढ सापडले नाहीत. बिळं जमिनीखाली साधारण हात-दीड हात खोल होती. गंमत म्हणजे पिंजऱ्यात रात्री जागणारा हा प्राणी तिथे दिवसा बाहेर पडताना दिसला, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. बाकी त्याचं सगळं शरीर शेतातून दाणे पळवण्यासाठी बनलेलं आहे. गालांतल्या पिशव्या खांद्यापर्यंत ताणतात. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला जे क्रियापद आहे, ते त्याच्या नावावरूनच पडलं. नजर अधू, नाक आणि कान मात्र तिखट. आपल्याला ऐकू येत नाहीत असे उंच आवाजही त्याला ऐकू येतात. आकाशातून घार-घुबड झडप घालतं, हे त्याच्या रक्तात आहे. अशा प्राण्यावर वरून एक मोठा, कोमट, चिवड्याचा वास येणारा पंजा उतरला तर त्याने दुसरं काय करावं?

भाचीने खारीक आणला त्या दुकानात सहा-सात हॅमस्टर एकाच टबात होते. वयात आलेले सीरियन हॅमस्टर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, त्यामुळे घरी येतो तो आधीच धसकलेला जीव. दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत, त्यांत हॅमस्टरचं नाव घेऊन उल्लेख आहे आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी सक्तीची आहे. खरेदीआधी नोंदणीचा कागद दाखवा म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू नये.

घाबऱ्या हॅमस्टरला माणसाळवायची रीत मला एका प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितली. रीत सोपी आहे, फक्त वेळखाऊ आहे. घरी आणल्यावर तीन-चार दिवस त्याला हातच लावायचा नाही. संध्याकाळी तो आपण होऊन उठला, की पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलायचं. काय बोलताय याला महत्त्व नाही, पाढे म्हटले तरी चालतात. मग बिनवासाच्या साबणाने हात धुऊन तळहात पिंजऱ्याच्या तळाशी नुसता ठेवून द्यायचा, उताणा, भाकरी मागितल्यासारखा. पहिल्या दिवशी तो येऊन हुंगेल आणि पळेल. चौथ्या-पाचव्या दिवशी तळहातावर सूर्यफुलाची बी ठेवायची. बीसाठी तो पुढचे दोन पाय हातावर टेकतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत चारही. तरीसुद्धा बोटांनी पकडायचं नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचलायचं आणि तेही जमिनीवर मांडी घालून, कारण कमरेच्या उंचीवरून पडला तरी त्याचं हाड मोडू शकतं. अगदीच थरथरणारा असेल तर स्टीलचा पेला आडवा ठेवावा. अंधारं भोक दिसलं की तो स्वतःच आत शिरतो आणि पेल्यासकट त्याला हलवता येतं.

जागेवर थिजणं, कान मागे पाडणं, दात कटकटवणं, उताणं पडून किंचाळणं, यांपैकी काहीही दिसलं की हात मागे घ्यायचा, तोसुद्धा सावकाश. तो निवांतपणे तोंड धूत बसला तर आपलं बरं चाललंय असं समजावं. दात पिवळे-केशरी दिसले म्हणून काळजी नको, तो त्यांचा मूळ रंगच. आणि चावलाच, तर झटकायचं नाही. हात भुशावर टेकवायचा, तो सोडतो. मग साबण, वाहतं पाणी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारणं.

पिंजरा लहान असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सोनेरी हॅमस्टरांना दहा, चाळीस आणि ऐंशी सेंटिमीटर खोल भुसा दिला. ज्यांना ऐंशी मिळाला, त्यांनी पिंजऱ्याचे गज चावलेच नाहीत. आपल्याकडे विकतात तो रंगीत नळ्यांचा पिंजरा खेळण्यासारखा दिसतो आणि त्यात भुसा चार बोटंही मावत नाही. गज कुरतडणारा हॅमस्टर पळायची तालीम करत असतो. घरट्यासाठी कापूस मात्र देऊ नये, तो पायाला गुंडाळतो आणि पोटात गेला तर आतडं अडतं. साधे टिशू पेपर उत्तम.

आता शोध. पहिल्या रात्री मी ज्या गोष्टी केल्या त्या तुम्ही करू नका. दिवाण ओढला, ट्रॉल्या सरकवल्या, त्याच्या नावाने हाका मारल्या. कोपऱ्यात दडलेला हॅमस्टर सरकत्या फर्निचरखाली चिरडला जाण्याची भीती सर्वांत मोठी. बाहेर फटाके वाजत होते, त्यामुळे तो जिथे असेल तिथे गोठूनच बसला असणार. उंदरांसाठी मी स्वयंपाकघरात चिकटपट्टीचा सापळा लावला होता, तो मात्र पहिल्या दहा मिनिटांत आठवला आणि उचलला. हे एवढंच शहाणपण. विषाच्या वड्या ठेवल्या असतील तर त्याही तेव्हाच उचलायला हव्यात. मोरीची जाळी, कमोडचं झाकण, वॉशिंग मशीनचं दार, बाल्कनीचा उंबरा, एवढं बंद करून मग शांत बसायचं.

दुसऱ्या रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने पद्धतशीर उतरलो. प्रत्येक खोलीचं दार लावलं, फटीत टॉवेल कोंबले आणि प्रत्येक खोलीत भिंतीलगत मोजून दहा-दहा सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. हॅमस्टर खोलीच्या मधून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. बियांभोवती जमिनीवर पीठ पसरलं. आधी रांगोळी घेणार होतो, हाताशी तीच होती. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, आणि हा प्राणी दिवसातून वीसदा अंग चाटतो. तांदळाचं पीठ घेतलं. सकाळी हॉल आणि झोपायच्या खोलीत दहाच्या दहा बिया जागेवर. स्वयंपाकघरात एकही नाही, आणि पिठातून फ्रिजच्या मागे गेलेली इवलीशी पावलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घरात पावलं उमटावीत अशी इच्छा असते, पण ही पावलं पाहून मला झाला तेवढा आनंद क्वचित कुणाला झाला असेल. फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ ऊब असते. पळालेले बरेचसे हॅमस्टर तिथेच सापडतात, असं डॉक्टर म्हणाले होतेच.

त्या संध्याकाळी अख्ख्या सोसायटीने लक्ष्मी यावी म्हणून दारं उघडी ठेवली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराखाली टॉवेल ठोकत होतो. सापळा असा: एक उंच बादली, तळाशी घडी केलेली चादर आणि त्याच्या जुन्या घरट्यातला मूठभर भुसा. बादलीपर्यंत चढायला पायऱ्या, त्या मी गेल्या दहा वर्षांच्या दिवाळी अंकांच्या केल्या. या जाड अंकांचा याहून चांगला उपयोग मला सुचलेला नाही, संपादकांनी राग मानू नये. पायऱ्यांवर एकेक दाणा आणि बादलीत काकडीचा काप, कारण दोन दिवस पाणी न मिळालेला प्राणी दाण्यापेक्षा काकडीला आधी भुलतो. शेजारी चुरगाळलेला फॉइलचा कागद, पाऊल पडलं की वाजावा म्हणून. दिवा बंद करून मी ओट्याला टेकून खाली बसलो. फटाके साडेबाराला थांबले. दोनच्या सुमाराला कागद कुरकुरला. मग बराच वेळ काही नाही. मग मऊ असा 'धप्प'.

मी लगेच हात घातला नाही. पेला आडवा धरला, तो आत शिरला, मी पेला पिंजऱ्यात ठेवला. पिंजरा मुद्दाम स्वच्छ केला नव्हता, त्याच्या स्वतःच्या वासाने तो लवकर सावरतो म्हणून. तो बाटलीला लागला आणि मिनिटभर पाणी पीत राहिला. पाय, पोट, डोळे बॅटरीच्या उजेडात लांबूनच पाहिले. इजा काही नव्हती. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी शोधत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: गारठलेला हॅमस्टर कडक होऊन मेल्यासारखा पडतो. तसा सापडला तर पुरायची घाई करू नका. ओंजळीत धरून अर्धा-पाऊण तास हळूहळू ऊब द्या, मिशा हलतात का पाहा आणि डॉक्टरांना गाठा. आपल्या बाकीच्या महाराष्ट्रात मात्र धोका उलटा, तापमान तिशीच्या वर गेलं की तो मलूल पडतो. मे महिन्यात पिंजऱ्यात एक गार फरशीचा तुकडा ठेवावा.

भाऊबीजेला भाची आली. ओवाळायच्या आधी पिंजऱ्याकडे धावली, खारीक तिच्या तळहातावर चढला आणि ती म्हणाली, "मामा, बघ, तू त्याला त्रास दिला नाहीस ना, म्हणून किती शांत आहे!" मी बोटावरची पट्टी खिशात लपवली. तिला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही. हा अंक दरवर्षी त्यांच्या घरी जातो.