ठोकळ्यांचा जमाखर्च

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसते की, त्याच्या वरच्या दाढेच्या मागल्या अंगाची कीड कोरून काढणारे वैद्यराज ती दाढ प्रत्यक्ष पाहतच नसतात. ते पाहतात एका लहानशा वाटोळ्या आरशातले तिचे प्रतिबिंब, आणि त्या उलट्या प्रतिमेवरून हात कोणीकडे वळवायचा याचा निर्णय मनातल्या मनात करीत असतात. वस्तूची न दिसणारी बाजू ज्याला मनश्चक्षूंनी पाहता येत नाही, त्याच्या हाती हे काम सोपवावे कसे? अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत पूर्वी उमेदवाराला खडू देऊन नमुन्याबरहुकूम आकृती कोरावयास लावीत. १९७० नंतरच्या काही वर्षांत खडू गेला, त्याच्या जागी कागदावरच्या आकृत्या आल्या, आणि आता त्या संगणकाच्या पडद्यावर दिसतात.

परीक्षेच्या या आकृत्यांच्या विभागात प्रश्न ९० आणि मुदत ६० मिनिटांची, म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला ४० सेकंद. एखादी वस्तू कोणत्या भोकातून आरपार जाईल, दोन बाजूंच्या दृश्यांवरून तिसरे कसे असेल, चार कोनांत लहानमोठा कोणता, घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजू रंगल्या, सपाट आकृती दुमडली तर कोणता घनाकार तयार होईल, असे पंधरा-पंधरा प्रश्नांचे सहा प्रकार. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतणीने सरावाची वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा ही बुद्धी जन्मतःच मिळते, नाही तर मिळतच नाही, असा माझा समज होता. “काका, डोळे मिटून कल्पना करीत बसू नका, रकाने आखा,” असे म्हणून तिने तो मोडला.

ठोकळ्यांचा दाखला पाहावा. नऊ ठोकळ्यांचा तीन बाय तीनचा एक थर आहे, त्याच्या मधल्या ठोकळ्यावर आणखी एक ठोकळा बसविला आहे, सगळे एकमेकांना चिकटविले आहेत, आणि तळाची बाजू सोडून उघड्या सर्व बाजूंना रंग दिला आहे. किती ठोकळ्यांच्या दोन बाजू रंगल्या? मी चित्राकडे टक लावून बसलो आणि चुकलो. पुतणीने शून्यापासून पाचापर्यंत रकाने आखले आणि एकेका ठोकळ्याची नोंद केली: कोपऱ्यांतल्या चारांच्या तीन-तीन बाजू, कडांच्या मध्यावरच्या चारांच्या दोन-दोन, वरच्या एकट्याच्या पाच, आणि त्याच्या खाली दबलेला, वरून झाकलेला, चहूबाजूंनी वेढलेला तो बिचारा, त्याच्या वाट्याला शून्य. बेरीज दहा; ठोकळेही दहा; मेळ बसला. त्या शून्याच्या रकान्यातला ठोकळाच माझ्या नजरेतून निसटला होता. शिवाय एकाच रचनेवर अनेक प्रश्न विचारतात, त्यामुळे एकदा मांडलेला जमाखर्च पुढल्या प्रश्नांनाही पुरतो.

कागदाच्या घडीचेही तसेच. सोळा घरांचा चौकोन आखावा, भोक जेथे पडले ते घर भरावे, आणि मग घड्या उलट्या क्रमाने, शेवटची आधी, उलगडीत जावे. प्रत्येक घडीच्या रेषेपलीकडे आरशातल्यासारखे दुसरे भोक उमटते. डावा अर्धा उजव्यावर, मग वरचा अर्धा खालच्यावर दुमडून उजव्या खालच्या कोपऱ्यात भोक पाडले असेल, तर पहिल्या उलगडण्यात वरच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक वाढते, दुसऱ्यात डावीकडचे दोन्ही कोपरे भरतात. घडी अर्धवट असेल तेथे मात्र सावध असावे, कारण जेथे कागदाचा पदर एकच आहे तेथे भोकही एकच.

दृश्यांच्या प्रश्नांत वरचे आणि समोरचे दृश्य रुंदीने जुळते, समोरचे आणि बाजूचे उंचीने. दिसणारी कड सलग रेषेने, दडलेली तुटक रेषेने दाखवितात. तेव्हा रेषा मोजल्या तरी निम्मे पर्याय गळतात. भोकाच्या प्रश्नात वस्तू आधी हवी तशी फिरवावी, पण एकदा आत सरकू लागली की वळविता येत नाही. दुमडायच्या आकृतीत एखादी वेडीवाकडी किंवा रंगविलेली बाजू धरून तिच्या शेजाऱ्यांची चौकशी करावी.

कोनांपुढे मात्र जमाखर्च हात टेकतो. तेथे भुजांची लांबी डोळ्याला फसविते, म्हणून नजर शिरोबिंदूपाशीच ठेवून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा कोन आधी ठरवावा, आणि तरीही न सुटल्यास काही तरी उत्तर देऊन पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. या विभागात प्रश्न हव्या त्या क्रमाने सोडविता येतात, म्हणून माझी पुतणी भोके आणि ठोकळे आधी उरकते आणि वाचलेली मिनिटे कोनांवर खर्च करते. मला हा बेत शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे बी.डी.एस.ला प्रवेश ‘नीट’वरून मिळतो, आणि तीत भौतिक, रसायन व जीवशास्त्रच विचारतात; असली प्रश्नपत्रिका नाही. आपल्या विद्यार्थ्याची ही परीक्षा होते ती प्रवेश मिळाल्यानंतर, पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात, जेव्हा त्याच्या हाती मेणाचा ठोकळा देऊन त्यातून दाढ कोरायला सांगतात.