धूमकेतूचे परिवलन

डिसेंबर २०१८ च्या मध्यास विर्तानेनचा धूमकेतू कृत्तिकांजवळून जात होता. रायपूरच्या पुरानी बस्तीवरून तो रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येई. पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर तेव्हा अवघे १ कोटी १६ लक्ष किलोमीटर होते. तथापि जेमतेम सव्वा किलोमीटर व्यासाचे त्याचे केंद्रक पृथ्वीवरील दुर्बिणीतून ठिपक्याहून अधिक दिसणे शक्य नव्हते. मग ते स्वतःभोवती किती वेळात फिरते, हे कसे ठरवावयाचे?

त्यासाठी ज्योतिर्विद भोवतालच्या वायूकडे पाहतात. सूर्याच्या उष्णतेने केंद्रकावरील काही जागांतून वायूचे फवारे सुटतात. दिवाळीतील भुईचक्र आठवावे: प्रत्येक ठिणगी सरळच उडते, परंतु चक्र फिरत असल्याने सर्वांची मिळून वळणदार रेघ दिसते. फवाऱ्यांचेही तसेच होते. त्या वायूतील सायनोजनचे कण सूर्यप्रकाश शोषून जांभळा प्रकाश देतात. तेवढाच प्रकाश आत सोडणारी काच कॅमेऱ्यापुढे बसविली, की धुळीचा उजेड बहुतांशी गळून जातो. उरतो तो मध्यभागाचा झगझगाट. तो घालविण्यासाठी केंद्रापासूनच्या प्रत्येक अंतरावरील सरासरी तेजाने चित्रास भागतात, आणि मग वळणे उमटतात.

तीच आकृती पुन्हा दिसली म्हणजे एक फेरा झाला, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. आकृती २७ तासांनी जुळली, तर तेवढ्यात एक फेरा झाला असेल, दोन किंवा तीनही. म्हणून एकाच रात्री अनेक तास चित्रे घेत राहावे लागते. अशा रीतीने विर्तानेनचा काल सुमारे ९ तास ठरला.

याहून विलक्षण प्रकार २०१७ साली टटल-जाकोबिनी-क्रेसाक या धूमकेतूच्या बाबतीत घडला. ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेच्या सायनोजन-चित्रांवरून मार्चमध्ये त्याचा काल सुमारे २० तास आढळला. मे महिन्यात स्विफ्ट उपग्रहाने वेध घेतले, तेव्हा तो ४६ ते ६० तासांच्या दरम्यान गेला होता! चूक मोजणीत नव्हती. भुईचक्राला ज्याप्रमाणे त्याचीच ठिणगी फिरविते, त्याप्रमाणे फवारे केंद्रकाला धक्का देतात. येथे तो धक्का गतीच्या उलट दिशेने बसत होता. केंद्रक लहान आणि फवारे जोरकस, त्यामुळे दोन महिन्यांतच त्याची गती निम्म्याहूनही खाली आली. हाच धक्का गतीच्या दिशेने बसत राहिला, तर केंद्रक अधिकाधिक वेगाने फिरू लागते आणि त्याचा ठिसूळ पिंड अखेर फुटूही शकतो.